गनी मुकादम आणि चार गोणपाटं

खिजरची कॉलरबोन मी मोडली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बहरीनमधल्या निम्म्या मराठी मंडळींना ते ठाऊक आहे आणि उरलेल्यांना माझी बायको नीला भेटेल तिथे सांगत असते.

जानेवारीतला दुसरा शुक्रवार होता. हिवाळ्याचे दोन-तीन महिने सखीरच्या माळावर तंबूंचं गावच वसतं. घरी चार-चार बेडरूम असलेली माणसं तिथे जाऊन सतरंजीवर झोपतात आणि त्यात त्यांना फार बरं वाटतं. आमच्या बुसैतीनच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे गनी मुकादम ज्या गॅरेजात मेकॅनिक आहेत, त्याच्या मालकाचा, म्हणजे सादचाही तिथे मोठा तंबू असतो. गनीभाईंच्या ओळखीवर आम्ही दरवर्षी एक शुक्रवार तिथे जाऊन चहा पितो आणि वाळवंटात राहिल्याचा अनुभव घेऊन संध्याकाळी एसीत परत येतो. तंबूसमोर वाळूत पळणाऱ्या चार चाकांच्या बाइक उभ्या असतात. त्यांना क्वाड म्हणतात. गनीभाईंचा जावई खिजर, वय एकोणतीस, सीफमधल्या एका विमा कंपनीत नोकरीला, मला म्हणाला, "काका, बसा तर खरं. फोटो काढतो."

मी बसलो.

"असं नको. हँडल घट्ट धरा. आत्ता तुम्ही सलूनच्या खुर्चीत बसल्यासारखे दिसताय."

मी घट्ट धरलं. क्वाडचा ॲक्सिलरेटर पायाशी नसतो, उजव्या अंगठ्याखाली असतो, ही माहिती मला नंतर मिळाली. इंजिन चालू आहे हीसुद्धा नंतरच. आजूबाजूला इतक्या गाड्या गुरगुरत होत्या की आपल्या बुडाखालचीही त्यांतलीच आहे हे कसं कळणार? गाडी निघाली. मीही निघालो, कारण घट्ट धरलं होतं. खिजरने बाजूला उडी मारली, त्याचा पाय तंबूच्या दोरीत अडकला आणि तो उजव्या खांद्यावर आदळला. मी तंबूच्या पुढच्या दाराने आत शिरलो आणि मागच्या, नसलेल्या दाराने बाहेर आलो. सोबत चहाचा थर्मास आणि दोन उशा आल्या.

फोटो आला. त्यात मी हसतोय.

गनीभाई धावत आले. आधी त्यांनी क्वाडची चावी काढून खिशात टाकली, मग जावयाचा खांदा चाचपला, मग माझ्याकडे वळले. माझे हात अजून हँडलवरच होते.

"दत्ताभाव, सोडा आता," ते म्हणाले. "ती जायची नाय."

हाड सहा आठवड्यांत जुळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. अडचण एवढीच होती, की पाच आठवड्यांनी खिजरला आणि सादला फिनलंडच्या उत्तर टोकाला जाऊन स्नोमोबाइलची शर्यत करायची होती.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे दोन पाट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. ही शर्यत सहा दिवसांची, नऊशे किलोमीटरची. रस्ता नाही, वस्ती जवळजवळ नाही; गोठलेली तळी, गोठलेल्या नद्या आणि बर्फाने वाकलेली झाडं. जोडीजोडीने जायचं, दोन माणसं आणि दोन गाड्या. एक मागे राहिला तर दुसराही बाद. आणि मुख्य अट अशी, की गाडी बिघडली तर त्या दोघांनीच दुरुस्त करायची. बाहेरच्या माणसाने स्पॅनरला हातही लावायचा नाही.

बहरीनच्या माणसाला हे कुठून सुचलं, असं कुणी विचारलं की साद खांदे उडवतो. तो चौतीस वर्षांचा, हौशी आणि मनाचा मोठा बहरीनी. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी स्नोमोबाइल कंटेनरमधून मागवली आणि सखीरच्या वाळूत सोडली. ती सहा मिनिटांत तापून बंद पडली. त्या गाडीला मोटारीसारखा पंखा नसतो. पट्ट्याखालून उडणारं बर्फच तिला गार ठेवतं. वाळू काय गार ठेवणार? तेव्हा गनीभाईंनी चार गोणपाटं आणली, मासळीबाजारातल्या बर्फाच्या पाण्यात बुचकळली आणि सीटखालच्या पत्र्यावर, पाय ठेवायच्या फळ्यांवर करकचून बांधली. गाडी वीस मिनिटं चालली. मग ती पोती बदलायची आणि पुन्हा वीस मिनिटं. दोन हिवाळे हा कार्यक्रम चालला. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं चहाचे पेले घेऊन बघायला येत. वाळवंटात बर्फाची गाडी ओल्या पोत्यांवर चालतेय, ह्यापेक्षा चांगली करमणूक शुक्रवारी दुसरीकडे मिळत नव्हती.

ती गाडी सर्वांत जास्त कोणी चालवली असेल? गनीभाईंनी. पोतं बदललं की चालवून बघायची, बोल्ट आवळला की चालवून बघायची. पण गॅरेजचा एक कायदा असतो. मालकाने चालवली की ते रायडिंग, मेकॅनिकने चालवली की ती टेस्ट. टेस्टचे तास कुणी मोजत नाही.

गनीभाई गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे. वडील लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. चौऱ्याण्णव साली बहरीनला आले आणि सादच्या वडिलांच्या गॅरेजात लागले, ते आजतागायत. उंची बेताची, खांदे रुंद, डाव्या अंगठ्याचं नख कायम काळं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ऐकतात. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही. इंजिनाचं बोलणं मधेच तोडल्यासारखं होतं म्हणतात. "होणार नाही" हे शब्द त्यांना कुणी सांगितले की ते नाकाने एक आवाज काढतात आणि बाही वर सारतात. इथलं लायसन्स त्यांना पाचव्या खेपेला मिळालं. चौथ्यांदा नापास झाल्यावर उतरताना ते परीक्षकाला म्हणाले होते, "तुमच्या गाडीचा क्लच गेलाय, माजी चूक नाय." पाचव्या खेपेला गाडी बदललेली होती.

खिजरला गळ्यात झोळी बांधून घरी आणल्यावर दोन दिवसांनी मी गॅरेजात गेलो. माफी मागायला म्हणून गेलो होतो. साद खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"खलास," तो म्हणत होता. "नाव मागे घेतो. आता कोण येणार?"

गनीभाई एका जेटस्कीच्या पोटात शिरलेले होते. तिथूनच म्हणाले, "मैं आता है."

साद आधी हसला. मग त्यांनी बाहेर डोकं काढल्यावर हसू आवरून म्हणाला, "गनी, इंता मेकॅनिक. मफी रायडर." म्हणजे, बाबा रे, तू मेकॅनिक, रायडर नव्हेस.

"उधर मेकॅनिक अलाउड नहीं. बोला ना तुम?"

"हां."

"तो फिर मेकॅनिक को रायडर बनाओ. दो काम एक आदमी करेगा."

साद माझ्याकडे बघू लागला. ह्या घोटाळ्याला जबाबदार माणूस म्हणून मी काही तरी शहाणपणाचं बोलावं, अशी त्याची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "गनीभाई, वय छप्पन्न तुमचं. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे."

त्यांनी हात पुसले आणि मला भिंतीपाशी घेऊन गेले. गॅरेजच्या भिंतीवर चौदा फोटो आहेत. सादच्या वडिलांच्या स्पीडबोटीच्या शर्यती, सादच्या जेटस्कीच्या, क्वाडच्या. सगळ्यांत करंडक. गनीभाईंनी तिसऱ्या फोटोच्या कडेला काळं नख टेकवलं. तिथे कुणाचा तरी कोपर होता. सातव्यात स्पॅनर धरलेला हात होता. अकराव्यात फक्त एक बूट.

"ह्यो मी," ते म्हणाले. "ह्यो बी मी. एकतीस वर्सं झाली. हात हाय, कोपर हाय, बूट हाय. बाकीचा मी कुठं हाय ता सांगा."

मी उरलेल्या फोटोंत शोधू लागलो.

"शर्यत पुरी केली त्यांची नावं लावतात तिथे," ते म्हणाले. "मना नंबर नको. शेवटचा आला तरी चालेल. पन पुरं नाव पायजे, आपला, सगळा."

सादला मराठी समजत नसूनही त्याने ते ऐकलं. फोटोंवरून नजर फिरवून म्हणाला, "तू मागे राहिलास तर मीही बाद. दोन वर्षं गेली माझी."

"मालूम है," गनीभाई म्हणाले आणि पुन्हा जेटस्कीत शिरले. साद हो म्हणाला होता की नाही हे मला कळलं नाही. गनीभाईंना कळलं असावं, कारण आतून त्यांची शीळ ऐकू आली.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. हाड मी मोडलं होतं, तेव्हा कागद मी रंगवायचे, ह्यावर सर्वांचं एकमत झालं. त्यांच्या बैठकीत लॅपटॉप उघडून मी बसलो. झोहराभाभींनी चहा आणला आणि दाराशी उभ्या राहिल्या. पंचावन्नच्या पुढच्या माणसांना जादा वैद्यकीय तपासणी होती, म्हणून मी सुचवलं, "वयाचा रकाना सध्या रिकामा ठेवू. त्यांनी विचारलं तर बघू."

"का म्हनून?"

"उगाच त्यांच्या डोळ्यांवर यायला नको."

"छप्पन्न लिवा," गनीभाई म्हणाले. "डोळ्यांवर येऊ दे. मी काय चोरी करून छप्पन्नचा झालो?"

"अनुभव किती लिहू?"

"टेस्टचे तास लिवा. सगळे."

मी हिशेबाने दोनशे दहा तास लिहिले. खिजरचे अठ्ठेचाळीस होते. खिजर तेव्हा कोचावर उशांचा डोंगर करून बसला होता. त्याने ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. झोहराभाभी एवढंच म्हणाल्या, "रोजे लागायच्या आत घरी पायजेत हे. बाकी काय करायचा ता करा. नाय म्हटला तर थांबनार हायेत काय?"

तपासणीला मीच घेऊन गेलो. ट्रेडमिलवर चालवता चालवता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "व्यायाम करता का काही?"

"एकतीस वर्सं उन्हात इंजिनं उचलतंय," गनीभाई धापा न टाकता म्हणाले. "त्याला तुमी काय म्हनता ता लिवा."

डॉक्टरीणबाईंनी सही केली.

राहिला थंडीचा प्रश्न. तिथे उणे पंचवीस. गनीभाईंनी आयुष्यात सोसलेली सर्वांत मोठी थंडी म्हणजे माझ्या ऑफिसची. आता, मी थंडाव्याच्या धंद्यातला माणूस. सीफमधले मॉल गार ठेवायची यंत्रं आमची कंपनी बसवते आणि शहराबाहेरच्या एका गोदामाची शीतगृहंही सांभाळते. बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालासुद्धा कोल्ड स्टोअर म्हणतात; हे ते नव्हे. हे खरोखरीचं, उणे बावीसचं, छतापर्यंत कोंबड्यांची खोकी रचलेलं. तिथल्या मॅनेजरला गाठून मी आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दोन-दोन तास मागून घेतले. "तुमचा माणूस आत काय करणार?" त्याने विचारलं. "बसणार," मी म्हणालो. ह्याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गनीभाई कोंबड्यांच्या खोक्यावर जुन्या जेटस्कीची सीट टाकून बसत. अंगात शर्यतीचा सूट, हातात जाड मोजे, समोर लाकडी चौकटीवर लावलेला, इंजिनाची ताकद पट्ट्याला पोचवणारा गाडीचा रबरी बेल्ट. तो काढायचा आणि दुसरा चढवायचा. जंगलात हा बेल्ट तुटतोच, आणि मोजा काढला तर बोट जातं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. मी मफलर, कानटोपी आणि नीलाची शाल अशा थाटात घड्याळ लावून उभा होतो.

"दत्ताभाव, तुमी बाहेर जा," ते म्हणाले. "तुमचे दात वाजतात, त्याच्यापायी मना माज्या हातातला काय ऐकू येत नाय."

तिसऱ्या आठवड्यात ते साडेतीन मिनिटांवर आले. गोदामातले कामगार हातगाडी थांबवून बघू लागले. एकाने विचारलं, "चाचा, ये किस कंपनी का काम है?" गनीभाई म्हणाले, "अपना."

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना पाहिलं, तर झोहराभाभींनी ती चार गोणपाटं धुऊन, बाल्कनीत वाळवून, इस्त्रीच्या कपड्यांसारखी घडी घालून बॅगेत ठेवली होती. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बावीस वर्षं मी लोकांना गार करतोय. ह्या एका विषयात तरी मला बोलायचा हक्क होता.

"गनीभाई, ही पोती इथे ठीक होती. तिथे उणे पंचवीस आहे. तिथे चिंता गाडी गरम कशी ठेवायची ह्याची. गार करायला काय नेताय?"

"इंजिन आपला गरम होतो," ते म्हणाले. "त्याला गाव कुठला हाय ता कळत नाय."

"पण अख्खा देश बर्फाचा आहे."

"असू दे."

सादही हसला, असं नंतर कळलं. आणि तिथे, शर्यतीआधी सामानाच्या तपासणीच्या वेळी, दोन नॉर्वेजियन भाऊ तर पोटभर हसले. कॉफीची पोती का, असं त्यांनी विचारलं. तपासणीवरच्या बाईंनी आधी सादचे कागद बघितले, मग गनीभाईंकडे बघून आदराने विचारलं, "आपण रायडरचे वडील?"

"रायडर," गनीभाई म्हणाले.

शर्यत सुरू झाली आणि आम्ही बहरीनमध्ये एका ठिपक्याच्या नादी लागलो. प्रत्येक जोडीच्या गाडीवर एक यंत्र असतं. त्यामुळे नकाशावर ती जोडी ठिपक्यासारखी सरकताना घरबसल्या दिसते. आमचा ठिपका हिरवा होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली तो बघायचो. पहिल्या दिवशी तो एकोणचाळिसावा, बेचाळीसपैकी. दुसऱ्या दिवशी छत्तिसावा. संध्याकाळी मुक्कामावरून फोन आला की झोहराभाभी स्पीकर लावत.

"किती वेळा पडलात?" त्या विचारत.

"आज तीनदा."

"काल?"

"कालचा काल विचारायचा व्हता. बर्फावर पडायला काय होतंय? वाळूवर पडलेला मानूस मी."

मागून सादचा आवाज येई, "भाभी, गनी सोता नहीं. रात को दूसरे का गाडी देखता है."

"देखता, हात नहीं लगाता," गनीभाई म्हणत. "रूल हाय."

चौथा दिवस. बुधवार असूनही नीला आणि मी दुपारची सुटी काढून खाली मुकादमांकडे होतो. झोहराभाभी ओट्यापाशी हमूर माशाच्या तुकड्यांना मीठ-मसाला लावत होत्या. खिजर झोळीतला हात सांभाळत डाव्या हाताने लॅपटॉप चालवत होता. नकाशावर एक लांबलचक तळं होतं, चाळीस किलोमीटरचं. तळ्यावर सगळीकडे ठिपके उभे होते. एकेक ठिपका लाल होत होता. लाल म्हणजे शर्यत सोडली.

"असे सगळे का थांबलेत?" नीलाने विचारलं.

खिजरने शोधून वाचून दाखवलं. आदल्या रात्री तिथे अवेळी पाऊस पडला होता, आणि पहाटे तो गोठला. तळ्यावर बर्फाची भुकटी उरली नव्हती. सगळी काच झाली होती. पट्ट्याखालून उडायला काही नाही. काचेवरून पळता पळता गाड्या तापत होत्या. उणे अठरात उकळत होत्या.

मी उठून उभा राहिलो, मग खाली बसलो. बावीस वर्षांचा गार करण्याचा अनुभव असलेला माणूस त्या क्षणी कुठे बघावं ह्या विवंचनेत होता.

आमचा हिरवा ठिपका तळ्याच्या काठावर थांबला. दहा मिनिटं. अर्धा तास. एक तास. तळ्यापलीकडच्या चौकीवर सहाच्या आत पोचायचं होतं, नाहीतर बाद.

"गेले," खिजर म्हणाला. "सादने शर्यत सोडायचं बटण दाबलं असणार."

"लाल झाला काय?" झोहराभाभींनी मागे न वळता विचारलं.

"नाही अजून."

"मग कसा गेला? थांबलेत म्हंजे कायतरी उघडून बसले असतील. ह्यांना थांबवनारं बटण कोनी बनवलंय अजून?"

त्यांनी तवा चढवला. मासे तेलात पडल्याचा आवाज झाला, आणि त्याच वेळी खिजर म्हणाला, "हलला."

तळ्याच्या काठावर काय झालं ते गनीभाईंनी परत आल्यावर, मी चौथ्यांदा विचारल्यावर, सांगितलं. सादची गाडी वाफ सोडत उभी राहिली. सादने हेल्मेट काढलं, तळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खलास, गनी." त्याचा हात शर्यत सोडायच्या बटणावर होता. गनीभाईंनी तो हात धरला. मालकाचा हात त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच धरला होता.

"खलास नहीं बोलने का," ते म्हणाले. "सखीर में ये रोज होता था. रोज."

काठाला झाडांखाली भुसभुशीत बर्फ साठलेलं होतं. गनीभाईंनी पोती काढली आणि ठासून बर्फ भरलं. सीटखालच्या पत्र्यावर, पाय ठेवायच्या फळ्यांवर ती करकचून बांधली, अगदी सखीरमध्ये बांधत तशीच. बर्फ वितळे, पोतं भिजे, पत्रा निवे. शेजारी ते दोन नॉर्वेजियन भाऊ आपापल्या उकळत्या गाड्यांकडे हात बांधून बघत होते. दुसऱ्या जोडीला मदत चालते का, हे गनीभाईंनी आधी सादकडून नियमात वाचून घेतलं. रायडरने रायडरला केलेली चालत होती. मग त्यांनी सुरी काढली आणि चार पोत्यांची फाडून आठ केली. एका गाडीला दोन. दोन भाऊ ती बांधत असताना गनीभाई एवढंच म्हणाले, "कॉफी."

सादच्या मते ह्या पोतीवाटपात वीस मिनिटं गेली आणि त्या वीस मिनिटांत त्याचे केस पांढरे झाले. पण सहा-सात किलोमीटरवर एखादं बेट यायचं, तिथे बर्फ भरायचं, पुन्हा निघायचं. अशा चार गाड्या चाळीस किलोमीटरची काच ओलांडून गेल्या. आता तर साद पुढे आणि गनीभाई मागे असं उरलं नव्हतं. कुठे थांबायचं हे गनीभाई ठरवत होते. इंजिनच्या आवाजावर. हेल्मेटमधून.

चौकीवर ते सहाला बारा मिनिटं कमी असताना पोचले. आमच्याकडे मासे जळाले होते आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. झोहराभाभींनी गॅस बंद केला, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "अंडी करते."

बेचाळीस जोड्यांपैकी एकोणीस पोचल्या. आमची सतरावी. शेवटच्या दिवशी गनीभाईंचा बेल्ट तुटला. त्यांनी तो बदलला. किती वेळात, हे मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "तुमचे दात नव्हते, लवकर झाला." झोहराभाभींनी त्यांना एकच गोष्ट विचारली, "नाव लागला?"

"लागला."

"पुरा?"

"पुरा. अब्दुल गनी हुसेन मुकादम. त्याच्या खाली साद."

रमजानच्या दोन दिवस आधी ते घरी आले. नाकाच्या शेंड्याची कातडी निघालेली, एक कान लाल. इमारतीतल्या लोकांनी हार घातला. तो त्यांनी लगेच काढून झोहराभाभींच्या हातात दिला आणि आधी झोपले. सोळा तास. उठून गॅरेजात गेले, कारण एका गिऱ्हाईकाची बोट पंधरा दिवस खोळंबली होती.

मी त्यांना तिथेच गाठलं. भिंतीवर पंधरावा फोटो लागला होता. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवरचा. मधोमध गनीभाई उभे, सबंध, डोक्यापासून बुटापर्यंत, गळ्यात बिल्ला, हातात फाटकं गोणपाट. चेहऱ्यावर हसू अजिबात नाही, पासपोर्टसाठी बसल्यासारखे. उजव्या कडेला कुणाचा तरी अर्धा कोपर होता.

"ये मेरा है," साद त्या कोपरावर बोट ठेवून मला अभिमानाने म्हणाला. तो फोटो त्यानेच फ्रेम करून लावला होता.

गनीभाई बोटीच्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर आणि कान लावून बसले होते. मी त्यांचं ऐकून होईपर्यंत थांबलो. मनातून मला हलकं वाटत होतं. माझ्या अंगठ्याने झालेल्या नुकसानाची भरपाई देवाने परस्पर केली होती, सगळ्यांचं भलं झालं होतं, आता हा विषय गोडीगुलाबीने मिटवावा, अशा विचाराने मी समजूतदार आवाज काढला.

"गनीभाई, नाव लागलं, फोटो लागला. सगळं मनासारखं झालं. आता खिजरचा खांदाही जुळलाय. पुढच्या वर्षी पोराची जागा पोराला परत द्यायची ना?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, नाकाने एक आवाज काढला आणि बाही वर सारली.

"फॉर्म काढा, आनी छप्पन्नचे सत्तावन्न करा."